पळाला म्हणायच्या आधी जोड कुणी अडवली ते बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बॉक्सिंगमधल्या पळपुट्या चॅम्पियन लोकांवर लेख आला होता, त्यावरून आमच्या पेठेत नुसती वादावादी चालू आहे आणि बहुतेक जण लेखाच्या बाजूनं आहेत, म्हणून हे लिहायला घेतलं. लेखात डेम्प्सी, पॅटरसन, मेवेदर सगळ्यांना एका दावणीला बांधून भित्रे ठरवलंय. असं होत नाही ओ. ज्या डेम्प्सीनं जेस विलार्डसारखा साडेसहा फुटी गडी तीन राऊंडमध्ये फोडून काढला तो हॅरी विल्स या दावेदाराच्या ठोशाला भ्याला हे मला तरी पटत नाही. आणि सगळा दोष भीतीवर टाकला की ज्यांनी खरी वाट अडवली ते अलगद सुटतात.

आमच्याकडं जत्रेच्या मैदानात काय चालतं ते आधी सांगतो. पैलवान लंगोट लावून मैदानात फेरी मारतो, कुणीतरी जुना वस्ताद त्याचा हात धरतो, दुसऱ्याचा धरतो, अंग बघतात, वजनाचा अंदाज घेतात आणि जोड लावतात, मोठ्या कुस्त्या असतील तर त्या कमिटीनं आधीच ठरवून पोस्टरवर छापलेल्या असतात, इनाम सुद्धा ठरलेलं. पैलवान नको म्हणाला तर हलगीच्या आवाजात अख्ख्या गावासमोर नको म्हणावं लागतं. आता आमच्यातही "पोरगं अजून कच्चं आहे, एवढ्यात त्याच्याशी लावू नका" म्हणणारे वस्ताद आहेत, नाही असं नाही. पण बॉक्सिंगमध्ये ही कमिटीच नाही. डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार संघटना, चौघांचे चार पट्टे (म्हणजे जगज्जेतेपदं), प्रत्येकाचा वेगळा एक नंबरचा दावेदार, आणि चॅम्पियनला त्याच्याशी लढायचं नसलं तर पट्टा सोडून द्यायचा किंवा दावेदाराला पैसे देऊन बाजूला बसवायचं. १९९६ मध्ये लेनॉक्स लुईस या दावेदाराला ४० लाख डॉलर मिळाले ते चॅम्पियन टायसनची वाट सोडायचे. म्हणजे न लढायचे पैसे, बघा.

डेम्प्सीचं सविस्तर सांगतो कारण लेखात ते दोन ओळीत उरकलंय. १९१९ मध्ये तो चॅम्पियन झाला. न्यू ऑर्लिन्सचा हॅरी विल्स हा तेव्हा सगळ्यात तगडा दावेदार, पण काळा. त्याच्या आधी १९१० ला रिनोमध्ये काळा चॅम्पियन जॅक जॉन्सननं गोऱ्या जेफ्रीजला हरवलं तेव्हा अमेरिकेत गावोगावी दंगली झाल्या, माणसं मेली, आणि पुढं १९१२ मध्ये तर बॉक्सिंगच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाच कायद्यानं बंदी आली. ती रिनोची मॅच भरवणारा टेक्स रिकार्ड, पंच पण तोच, आणि तोच पुढं डेम्प्सीचा प्रमोटर. हा माणूस परत तसली जोड लावायला कसा तयार होणार? १९२५ मध्ये दुसऱ्या एका प्रमोटरनं डेम्प्सी आणि विल्सच्या सह्या घेतल्या पण ठरलेले पैसेच आले नाहीत आणि मॅच बारगळली. न्यूयॉर्कचं कमिशन म्हणत होतं आधी विल्सशी लढ, तर यांनी जीन टनी या गोऱ्या दावेदाराबरोबरची मॅच उचलून फिलाडेल्फियाला नेली, तिथं १,२०,००० च्या वर लोक आले आणि डेम्प्सी हरला. विल्स तोपर्यंत ३७ वर्षांचा झाला होता, पुढच्याच महिन्यात शार्कीबरोबर फाऊल होऊन बाद झाला, संपलं. आता यात डेम्प्सीचा दोष किती? माझ्या मते आहे, पण भित्रेपणाचा नाही. १९२३ च्या सप्टेंबरपासून १९२६ च्या सप्टेंबरपर्यंत तीन वर्षं पट्टा कपाटात ठेवून फिरला हा त्याचा दोष, आणि तो लेखात आलाच नाही.

बरं हे फक्त गोऱ्यांनी केलं असं पण नाही, आणि इथंच मला जास्त त्रास होतो. जॅक जॉन्सनला स्वतःला पट्ट्यासाठी तेव्हाचा चॅम्पियन टॉमी बर्न्सच्या मागं जगभर फिरावं लागलं, शेवटी १९०८ ला सिडनीत गाठला. आणि पट्टा हातात आल्यावर सॅम लँगफोर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्ही या तिघा काळ्या बॉक्सरांपैकी एकालाही त्यानं पट्ट्यासाठी उभं केलं नाही. हिशेब सरळ होता, दोन काळ्यांच्या मॅचला गेट होत नाही, गोरा आला की तिकीट खपतं. लँगफोर्डला जॉन्सननं १९०६ मध्ये एकदा हरवलं होतं हे खरं, पण तेव्हा लँगफोर्ड वजनानं कितीतरी हलका होता आणि नंतरची काही वर्षं तोच सगळ्यांना भारी पडत होता. उंचीला साडेपाच फुटाच्या थोडा वर, आणि हेवीवेटना झोपवायचा! त्याला हेवीवेटच्या पट्ट्याची मॅच कधीच मिळाली नाही. डोळे जायला लागले तरी लढत राहिला, १९४४ मध्ये एका पत्रकाराला तो हार्लेममध्ये सापडला तेव्हा पूर्ण आंधळा आणि कफल्लक होता. मग वर्गणी काढली लोकांनी. जॉन्सनवर जे अन्याय झाले ते खरेच आहेत, त्याच्यावर किती लिहिलं जातं, पण लँगफोर्डचा हिशेब त्याच्याच नावावर आहे हे कुणी लिहीत नाही.

१९१५ मध्ये जॉन्सन हरल्यावर पुढची २२ वर्षं एकाही काळ्या बॉक्सरला हेवीवेटच्या पट्ट्यासाठी लढू दिलं नाही. १९३७ मध्ये जो लुईसला संधी मिळाली ती कशी माहितीय का, जर्मन बॉक्सर मॅक्स श्मेलिंगचा नंबर आधी होता, त्यानं तर १९३६ ला लुईसला पाडलेलं, पण चॅम्पियन ब्रॅडॉक श्मेलिंगला सोडून लुईसकडं वळला कारण इकडं पैसा जास्त होता, आणि पट्टा हिटलरच्या जर्मनीत जाईल ही पण भीती अमेरिकेत होतीच. म्हणजे लुईसचं भलं झालं ते सुद्धा कुणालातरी टाळल्यामुळं. आता सांगा ब्रॅडॉकला भित्रा म्हणायचं की शहाणा? लुईसनं मात्र १९३८ मध्ये श्मेलिंगला परत बोलावून पहिल्याच राऊंडमध्ये विषय संपवला, त्याच्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही.

चार्ली बर्लीचं नाव लेखात यायला पाहिजे होतं. पिट्सबर्गचा, १९४४ मध्ये त्यानं आर्ची मूरला हरवलं, त्या मूरला जो पुढं लाइट हेवीवेटचा चॅम्पियन झाला, तोही चाळिशीजवळ पोचल्यावर. बर्ली, होल्मन विल्यम्स, कोकोआ किड, लॉइड मार्शल अशी सगळी काळी मंडळी, चॅम्पियन लोक यांच्या वाटेला जात नव्हते म्हणून ही आपापसातच पुन्हा पुन्हा लढत बसली. शुगर रे रॉबिन्सनसारख्यावर पण बर्लीला टाळल्याचा आरोप आहे. बर्लीनं नंतर शहराच्या कचऱ्याच्या गाडीवर नोकरी केली.

पॅटरसनचं सांगतो. त्याला भित्रा म्हणणं हे लेखातलं सगळ्यात चुकीचं वाक्य. सनी लिस्टन या दावेदारापासून त्याला लांब ठेवत होता तो मॅनेजर कस डमाटो, आणि डमाटोचं म्हणणं होतं की लिस्टनच्या मागं गुंड आहेत, ते खोटं पण नव्हतं. त्याच डमाटोनं १९५७ मध्ये पॅटरसनची पट्ट्याची मॅच पीट रॅडमाकरशी लावली, जो ऑलिंपिक सुवर्णवाला होता खरा पण व्यावसायिक म्हणून त्याची ती पहिलीच मॅच! ही असली जोड आमच्या जत्रेत लावली असती तर लोकांनी कमिटीलाच मैदानाबाहेर काढलं असतं. पण शेवटी मॅनेजरचं न ऐकता लिस्टनशी लढायचं ठरवलं ते पॅटरसननंच. १९६२ ला शिकागोत २ मिनिटं ६ सेकंदात पडला, पुढच्या वर्षी परत गेला, परत पहिल्या राऊंडमध्ये पडला. हरल्यावर खोटी दाढी लावून बाहेर पडायची वेळ आली तरी परत त्याच माणसासमोर उभा राहिलेल्याला भित्रा म्हणायला जीभ कशी रेटते?

मला विचाराल तर टाळणं ओळखायची एकच खूण आहे, मॅच झाली का नाही यापेक्षा ती झाली तेव्हा समोरच्याचं वय काय होतं ते बघायचं. झुलवत ठेवायचं, गडी उतरणीला लागला की सलामी द्यायची. शुगर रे लिओनार्डनं १९८२ मध्ये मिडलवेटचा चॅम्पियन हॅग्लरला समोर बसवून निवृत्ती जाहीर केली, मग मुगाबीबरोबरच्या मॅचमध्ये हॅग्लर थकलेला रिंगसाईडला बसून बघितला आणि १९८७ मध्ये परत आला, तेही १५ ऐवजी १२ राऊंड, मोठी रिंग असल्या अटी घालून. जिंकला पण, पंचांचं मत फुटून. शाबासकी द्यावी का शिव्या हे मला अजून ठरवता येत नाही, डोकं मात्र मानलं. टायसन आणि लेनॉक्स लुईस शेवटी २००२ मध्ये लढले, दोघं पस्तिशी ओलांडलेले.

आणि मेवेदर विरुद्ध फिलिपिन्सचा पॅकियाओ. २००९ च्या शेवटापासून बोलणी, मेवेदरला उत्तेजकांसाठी रक्ताच्या अचानक टेस्ट पाहिजेत, पॅकियाओला मॅचच्या जवळ रक्त द्यायचं नाही, मग प्रमोटरांची भांडणं, मग दोन टीव्ही कंपन्यांची. मध्ये २०१२ ला पॅकियाओ मार्केझच्या एका ठोशात तोंडावर आडवा झाला. मॅच झाली २ मे २०१५ ला, एक ३८ चा, एक ३६ चा, नुसत्या तिकिटांचे ७ कोटी डॉलरच्या वर. इथं सकाळी टीव्हीला डोळे लावून बसलेल्यांना विचारा काय बघायला मिळालं. यात एकट्या मेवेदरला पळपुटा म्हणायचं तर टेस्टला नको म्हणणारा पॅकियाओ कोण? उशीर दोघांनी केला आणि उशिराचे पैसे पण दोघांना मिळाले.

रिडिक बो मात्र लेखात बरोबर आहे. १९८८ ला सोलच्या ऑलिंपिक फायनलमध्ये लेनॉक्स लुईसकडून मार खाल्ला होता, १९९२ मध्ये त्याच्याशी लढायची वेळ आली तर डब्ल्यूबीसीचा पट्टा लंडनमध्ये कचऱ्याच्या डब्यात टाकला. याला मी काही वकील देणार नाही.

आता आपल्याकडचं. २०१९ मध्ये बॉक्सर निखत झरीननं क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिलं की ५१ किलोत मेरी कोमला ट्रायलशिवाय ऑलिंपिक पात्रता स्पर्धेला पाठवू नका, तेव्हा सोशल मीडियावर मेरी कोम घाबरली म्हणून काय काय लिहिलं लोकांनी. डिसेंबरमध्ये दिल्लीला ट्रायल झाली आणि मेरी ९-१ नं जिंकली. घाबरली कुठं होती? ट्रायल नको हे फेडरेशनच्या डोक्यातलं होतं. हात मिळवला नाही ते वाईटच केलं, ते वेगळं. निखत पुढं २०२२ आणि २०२३ ला वर्ल्ड चॅम्पियन झाली म्हणजे तिची मागणी पण फालतू नव्हती. आणि २०१६ मध्ये पैलवान सुशीलकुमार ऑलिंपिकच्या ७४ किलोच्या ट्रायलसाठी दिल्ली हायकोर्टात गेला तेव्हा हेच आपल्याकडचे लोक म्हणत होते की कोटा (ऑलिंपिकची जागा) पैलवान नरसिंग यादवनं मिळवलाय, ट्रायल कशाला. मी पण तेच म्हणत होतो आणि अजूनही म्हणतो, पण मग दुसऱ्याच्या फेडरेशननं तेच केलं की पळपुटेपणा कसा होतो हे मला कुणी समजावून सांगावं.

पुढच्या रविवारी लेखाचा दुसरा भाग येणार असं छापलंय. यादी करायची तर करा, पण प्रत्येक नावापुढं प्रमोटर कोण होता आणि समोरचा गडी किती वर्षं ताटकळला ते पण छापा. आणि लँगफोर्डचा फोटो मिळाला तर मोठा टाका, मेवेदरचा काय रोज बघतोच आम्ही.

आपला,
एक वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर