काळ्या घोड्याचा निकाल

कोथरूड, पुणे
२० फेब्रुवारी

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही, आणि उरलेलं अर्धं ऐकायच्या आत आई ‘बरं बरं, बिल वाढतंय’ म्हणून ठेवते. (आई, आता बिल वाढत नाही गं. महिन्याचे पैसे आधीच भरलेले असतात. हे मी तुला दहाव्यांदा सांगतेय.) अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरी बाबांनी डोळ्यांना ताण देऊ नये, आईनेच मोठ्याने वाचावं. फक्त मधेमधे स्वतःच्या पदरचं काही घालू नये, कारण विषय तुमच्या भांडणाचा आहे आणि आई त्यात पक्षकार आहे.

विषय म्हणजे तो फोटो. १९७९ चा. मी बाबांच्या खांद्यावर, आईच्या हातात डब्याची पिशवी, आणि मागे घोड्याच्या पुतळ्याचं काळं पोट नि त्यावर बसलेल्या माणसाचा फक्त बूट. फोटो काढणाऱ्याने आम्हाला मधोमध घेतलं आणि राजाचं मुंडकं उडवलं. बाबा म्हणतात, हा फोटो मुंबईच्या फोर्टातला, काळा घोडा फोर्टातच. आई म्हणते, राणीच्या बागेतला, माका ठावक आसा. गणपतीत हा वाद यंदाही झाला आणि बाबांनी पैज लावली: हरलो तर दादरला ‘प्रकाश’मध्ये पियूष पाजीन. साक्षीदार मी.

तर गेल्या आठवड्यात मुक्ताला कॉलेजच्या कामासाठी राणीबागेतली झाडं बघायची होती, म्हणून आम्ही दोघी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने निघालो. मुक्ता म्हणाली, मम्मा, घरून डबा नको, गाडीत चीज टोस्ट खाऊ. आई, तुझी आठवण आली. आपण मुंबईहून पुण्याला सामान घेऊन आलो तेव्हा तू त्या डायनिंग कारकडे बघून म्हणाली होतीस, ‘गाडीत बसून कशाला खायचं, पोचल्यावर खाऊ.’ आम्ही लोणावळ्याच्या आतच दोन-दोन टोस्ट संपवले.

दादरला उतरून स्लो लोकल, भायखळा, पूर्वेला बाहेर पडून चालत गेटपाशी. आणि गेट बंद. वॉचमन म्हणाला, ‘ताई, आज बुधवार.’ पुण्यात राहून दुपारी एक ते चार बंद दुकानांची सवय झालीये, पण आख्खा बाग बंद? दर बुधवारी बंद असतो म्हणे. मुक्ता माझ्याकडे आणि मी मुक्ताकडे. दोघींपैकी एकीनेही बघितलेलं नव्हतं. नशीब, रात्री नायगावला नलूआत्याकडे मुक्काम होताच, म्हणून बाग गुरुवारवर ढकलला.

(हो, मी ‘बाग ढकलला’च लिहिलंय. बाबा, तुम्ही आयुष्यभर ‘राणीचा बाग’ म्हणालात. पुण्याच्या शाळेत पहिल्याच निबंधात मी ‘आमचा आवडता बाग’ लिहिलं आणि बाईंनी लाल शाईने ‘आमची आवडती’ केलं. तेव्हापासून पुण्यात बाग ती आणि मुंबईत बाग तो, असं मी दोन्ही सांभाळून आहे.)

मग तिथून लालबाग. आपल्या चाळीच्या जागी काचेचा टॉवर आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. बाबांना आवडणार नाही आणि मलाही लिहायला फारसं काही सुचत नाही. खाली दोन गाड्या मावतील एवढी लिफ्ट आहे, एवढं खरं. ‘लाडू सम्राट’मध्ये मात्र जागा मिळायला वीस मिनिटं उभं राहावं लागलं. कोथिंबीर वडी घेतली. वरून कुरकुरीत, आत मऊ, आणि कोथिंबीर हातचं न राखता घातलेली. मिसळही घेतली. आता पुण्यात चाळीस वर्षं काढल्यावर मिसळीबद्दल बोलायचा मला अधिकार आहे, असं समजून सांगते: आमच्याकडे नारायण पेठेत मिसळ गोडसर आणि बरोबर स्लाइस ब्रेड. इथे पाव, आणि रस्सा असा की नाकातून पाणी येतं पण हात थांबत नाही. मुक्ताने पुण्याच्या बाजूने मत दिलं. तिला माफ करा, ती पुण्यातच जन्मली.

खाताना मी तिला तुझ्या खाणावळीबद्दल सांगितलं, आई. तिला माहीतच नव्हतं! आजी म्हणजे गावच्या घरात पाट्यावर वाटप करणारी, एवढीच तिची समजूत. तिला सांगितलं की दहा बाय बाराच्या खोलीत सहा जेवणकरी दोन पाळ्यांत जेवायचे, सकाळी पाचला पहिल्या पाळीचे डबे तयार असायचे, आणि पैसे पगार झाल्यावर. सांगितलं की गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या, सावकाराच्या व्याजात बुडालेल्या, आणि प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तू त्यातूनच दोन मोठी पातेली आणि स्टोव्ह घेतला होतास. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, आणि तुझे जेवणकरी एक-एक करून गावी गेले. तिघं उधारी ठेवून. मुक्ताने विचारलं, ‘मग आजीने त्यांना जेवायला घालणं बंद का नाही केलं?’ याचं उत्तर मला देता आलं नाही. तू पत्रात लिही.

संध्याकाळी नलूआत्याला घेऊन शिवसेना भवनाजवळच्या ‘प्रकाश’मध्ये गेलो. साबुदाणा वडा तसाच आहे: बाहेर तांबूस, आत चिकट न होता दाणा दाणा वेगळा, आणि बरोबरची चटणी दाण्याची. पियूषही तसाच. घट्ट, केशरी, जायफळाचा वास ग्लास तोंडाला लावायच्या आधी येतो. आत्या म्हणाली, ‘तुझा बाप मला इथे आणून एक ग्लास दोघांत घ्यायचा.’ बाबा, खरं का?

आता गुरुवार. तिकीट माणशी ५० रुपये. सकाळी नऊ-साडेनऊला शाळेच्या सहली यायच्या आत शिरलो आणि पहिली पंधरा मिनिटं मी फक्त वर बघत चालले. लहानपणी मी त्या बागेत प्राणीच बघितले. हत्ती, माकडं, पाणघोडा. झाडं होती हे मला या वेळी पहिल्यांदा कळलं. मुक्ता तर हरवलीच. गोरखचिंचेच्या खोडाला तिने हात पसरून मिठी मारायचा प्रयत्न केला आणि खोडाचा पाव भागही तिच्या कवेत आला नाही. कैलासपतीचं झाड बुंध्यापासून फुललेलं, तोफगोळ्यासारखी फळं लोंबत असलेलं. आणि मग उर्वशी. आई, तू असतीस तर तिथून हलली नसतीस. मूळची ब्रह्मदेशातली. फांदीवरून लांब झुंबरासारखे घोस खाली सुटलेले, फूल लालगुलाबी, पाकळीच्या टोकाला हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा ठिपका. मुक्ताने खाली पडलेलं एक फूल उचलून वहीत ठेवलं. ते नियमात बसतं की नाही, विचारायच्या भानगडीत मी पडले नाही.

झाडं जुनी असणारच. हा बाग १९ नोव्हेंबर १८६२ ला लेडी फ्रियर हिच्या हस्ते उघडला. त्याआधी तो शिवडीला होता. ती जागा ख्रिश्चन दफनभूमीला गेली आणि बाग भायखळ्याला आला. म्हणजे आधी वनस्पतींचा बाग, प्राणी नंतर, १८९० च्या सुमारास. मधे पंधरा-वीस वर्षांपूर्वी प्राणिसंग्रहालय चकाचक करायची शेकडो कोटींची योजना निघाली होती, तेव्हा झाडांसाठी जे मुंबईकर भांडले त्यांत बायका पुढे होत्या. ती योजना तशी झाली नाही, म्हणून मुक्ताला उर्वशी बघायला मिळाली. पेंग्विनही बघितले, २०१६ मध्ये कोरियातून आणलेले. काचेपुढे रेटारेटी, आत गार हवा, बाहेर घाम. मुक्ता दोन मिनिटांत म्हणाली, ‘चल, झाडांकडे.’

आणि इथे एक गंमत. हा बाग ज्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीने उभारला, तीच १८३० ची सोसायटी आजही आपल्या पुण्यात एम्प्रेस गार्डन चालवते! जानेवारीत तिथे फुलांचं प्रदर्शन असतं, तिथे तुम्हाला दोनदा नेलंय मी. बाबा त्या गारंबीच्या अवाढव्य वेलीखाली बसून म्हणाले होते, ‘इथे राणीच्या बागासारखं वाटतं.’ मी तेव्हा म्हटलं होतं, बाबा, तुम्हाला सगळीकडे मुंबईच दिसते. शब्द मागे घेते.

बागेच्या शेजारी म्युझियमच्या आवारात तो दगडी हत्तीही आहे. घारापुरीच्या बेटावरचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते जोडून इथे उभा केला. बाबा, तुम्ही मला त्याच्यासमोर उभं करून सांगायचात, ‘बघ, इंग्रजाला झेपला नाही.’ मुक्ताला मी हेच वाक्य सांगितलं, तुमच्याच आवाजात.

आता निकाल.

घोडा आहे. राणीच्याच बागेत आहे. काळा, मोठा, वर सातवा एडवर्ड. आम्ही मोबाइलवर तुमचा फोटो उघडून चारी बाजूंनी फिरलो. मुक्ता मला पुढे-मागे ढकलत होती, ‘अजून डावीकडे, आजोबांचा खांदा बुटाच्या खाली येतो.’ एका जागी पोट, बूट आणि मागची कमान बरोब्बर जुळली. तिथे तिने माझा फोटो काढलाय, सोबत पाठवते. राजाचं मुंडकं तिनेही उडवलंय, मुद्दाम.

आई जिंकली. पण बाबा, तुम्ही खोटं बोलत नव्हतात. हा पुतळा १८७९ पासून फोर्टातच होता, म्हणून त्या भागाला काळा घोडा म्हणायला लागले. स्वातंत्र्यानंतर इंग्रजांचे पुतळे रस्त्यांवरून हलवले, त्यात १९६५ मध्ये हा भायखळ्याला आला. नाव मात्र तिथेच राहिलं. (२०१७ पासून तिथे दुसरा एक काळा घोडा उभा केलाय, त्याच्यावर कुणी बसलेलं नाही.) तुम्ही काकांचा हात धरून मुंबईत आलात १९६४ मध्ये, सतरा वर्षांचे. म्हणजे एक वर्षभर तुम्ही त्याला फोर्टात बघितलाय. आई लग्न होऊन आली १९७१ मध्ये, तिने त्याला फक्त बागेतच बघितला. तुमच्या दोघांचा घोडा एकच आहे, तो तुमच्या मधल्या काळात घर बदलून मोकळा झाला.

मला मात्र एक वेगळीच गोष्ट आठवत राहिली. संपानंतर पुण्याला आल्यावर पहिल्या रविवारी तुम्ही मला पेशवे पार्कात नेऊन फुलराणीत, त्या छोट्या आगगाडीत, बसवलंत. मी रडत होते की इथे हत्ती दगडाचा नाही. तुम्ही चार वेळा तिकीट काढलंत, आणि तेव्हा पिंपरीच्या कंपनीत पहिला पगारही झाला नव्हता. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

पत्रासोबत पार्सल येईल. लालबागच्या मसाला गल्लीतून तुझ्यासाठी बेडगी आणि संकेश्वरी मिरची घेतलीये, आई. समोर उभी राहून निवडून घेतली, देठं काढलेली नाहीत, तू ओरडायच्या आत सांगते. कांडून आणायचा मोह झाला होता, पण तुझ्या मसाल्याचं प्रमाण मला अजून तू सांगितलेलं नाहीस. ‘अंदाजाने’ हे प्रमाण नव्हे.

मे महिन्यात आंबे घेऊन येताय ना? येताना दादरला उतरून एक रात्र आत्याकडे राहा, मी तिथे येते, आणि सकाळी टॅक्सीने थेट गेटपर्यंत. बाबांच्या गुडघ्यांचं मी बघितलंय: आतले रस्ते सपाट आहेत, दर थोड्या अंतरावर बाक आहेत. उर्वशी तेव्हा फुललेली नसेल, पण सावली असेल. वार कोणताही चालेल, बुधवार सोडून.

मुक्ताचा तुम्हाला नमस्कार.

बाबा, येताना पियूषचे पैसे सुटे आणा. तीन ग्लासांचे. एक आईचा, एक साक्षीदाराचा, आणि एक नलूआत्याचा, अख्खा.

तुमची,
सुमी