आजीचा बेड आणि आईची कंबर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

शनिवारी टेम्पोनं आजीसाठी मोटरवर वर-खाली होणारा बेड सांगलीला पोचतोय. बाबा, एवढा खर्च कशाला असं आता म्हणू नका. मागच्या महिन्यात आले तेव्हा बघितलंय मी, आई बांगड्या कोपरापर्यंत सारून आजीच्या काखेत हात घालून तिला वर ओढत होती आणि ओढता ओढता कमरेला हात लावून तिथंच टेकली, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. दिवसभर मी भोसरीत हेच बेड डिझाइन करते आणि माझी आजी लोखंडी कॉटवर, नाही पटत मला.

आई, ओढल्यानं तुझी कंबर तर जातेच, पण आजीची कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं मांस सरकतं, माकडहाडावरची जखम तिथूनच सुरू होते. नुसती डोक्याकडची बाजू वर केली तरी तेच, माणूस खाली घसरतं. म्हणून रिमोटवर आधी गुडघ्याचं बटण, मग डोक्याचं, आणि जेवण आणि त्यानंतरचा अर्धा तास सोडला तर डोकं ३० डिग्रीच्या वर नको. हा बेड डावी-उजवीकडं कलतो पण, दर २ तासांनी कूस बदलायची, फक्त त्या बाजूची रेलिंग वर आहे ना आणि हात फटीत नाही ना ते आधी बघायचं. आजीचं अंग पुसताना अख्खा बेड कमरेएवढा वर घे, वाकू नकोस.

बाबा, लाइट गेली तर बॅटरी आहे. तीपण संपली तरी बेड धाडकन खाली येत नाही, मोटरच्या स्क्रूचे आटेच असे असतात की वजनानं तो उलटा फिरत नाही. आजीला तुळस दिसली पाहिजे म्हणून बेड खालच्याच खोलीत लावू, पण २०१९ च्या पुरात तिला खुर्चीत बसवून जिना चढवला होता ते मी विसरले नाहीये, कृष्णेचं पाणी वाढतंय कळलं की आधी आजीला हलवा, बेड गेला तर जाऊ दे.

आणि मोटरला टाच दिसत नाही गं आई. रोज टाचा, माकडहाड, खुबे बघ, आजीच्या सावळ्या रंगावर लाली पटकन कळत नाही, म्हणून हात लावून बघ, गरम किंवा कडक लागतंय का. लागलं तर त्या जागेवर भार देऊ नका, चोळू तर अजिबात नका, डॉक्टरांना दाखवा आणि मला फोन करा, रात्री कितीही वाजले तरी.

रविवारी सकाळी येते, बेड मीच जोडून देणार. तोवर आजीला एकटीनं उचलू नकोस, बाबांना हाक मार.

तुमची
मनू