उशुआइयातल्या बाई आणि बोटीवरचा मुलगा

अंटार्क्टिकाची ट्रिप म्हणजे माझ्यासाठी धंदा कमी आणि वेड जास्त. ताडोबात वाघामागे फिरणारी आमची मंडळी यंदा पेंग्विन बघायला निघाली. ब्युनॉस आयर्सला विमान बदललं आणि आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकूंची बॅग काही आलीच नाही. (मिळाली, पण परतीच्या वाटेवर!) संध्याकाळी उशुआइयाहून, म्हणजे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या बंदरातून, बोट सुटणार, त्यात रविवार. जाकीट आणि गमबूट बोटीवर मिळणार होते; पण वॉटरप्रूफ पॅन्ट, हातमोजे, आतले गरम कपडे कुठून आणायचे?

भाड्याने कपडे देणाऱ्या एका बंद दुकानाच्या काचेवर फोन नंबर होता. बाई जेवण अर्धवट सोडून आल्या. काकू बुटक्या, एकही पॅन्ट बसेना. बाईंनी तिथेच फरशीवर बसून पॅन्टचे दोन्ही पाय दुमडले, टाके घातले. काकू मराठीत म्हणाल्या, "जरा सैल ठेव गं," आणि बाईंनी सैल ठेवलं! लोकरी मोज्यांचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

पुढे बोटीवरच्या तपासणीत त्याच पॅन्टच्या वेल्क्रोत गवताची कुसळं निघाली. बाहेरचं बी अंटार्क्टिकावर न्यायला सक्त मनाई, आणि ते योग्यच आहे. ड्रेक पॅसेजमध्ये (दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधला खवळलेला समुद्र) बोट हेलकावत असताना बोटीवरच्या एका मुलाने चिमट्याने एकेक कुसळ वेचलं. कपाळाला आठी नाही.

त्या दोघांचे मनापासून आभार. पुढचा गट नेताना बाईंसाठी खणाचं कापड न्यायचंय. काकूंनी काढूनच ठेवलंय.