फोटोतली माहिती पुसा, मूळ फाइल मात्र जपा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतले फोटोतल्या छुप्या माहितीवरचे सदर वाचले. विषय घेतलात हे उत्तम केलेत. पण त्यातला मुख्य सल्ला, 'फोटो एकदा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवून घ्या, माहिती आपोआप पुसली जाते', अर्धाच खरा आहे. त्यावर विसंबणाऱ्या वाचकाचे दोन्हीकडून नुकसान होईल, म्हणून हे पत्र.

'फोटो' म्हणून पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप चित्र दाबून लहान करते आणि एक्झिफची, म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवतो त्या छुप्या माहितीची, नोंद त्यात उरत नाही, इथवर बरोबर. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की फाइल जशीच्या तशी पोचते: मोबाइलचे मॉडेल, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा. ई-मेलची जोडणी, ड्राइव्हची लिंक, पेन ड्राइव्ह, सगळ्यांचे तेच. आणि 'क्लिअर दिसत नाहीये, डॉक्युमेंटमध्ये टाक' हे तर आपल्याकडे प्रत्येक घरगुती ग्रुपवर कोणी ना कोणी म्हणतेच. आपल्या इंदूरच्या राजवाड्यासमोर काढलेल्या फोटोत सुमारे २२ अंश ४३ मिनिटे उत्तर, ७५ अंश ५१ मिनिटे पूर्व अशी नोंद होते, तीही सेकंदांच्या अपूर्णांकापर्यंत. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर जेमतेम ३१ मीटर. सराफ्यातल्या अरुंद गल्लीत जीपीएस थोडे चुकेल, पण सुदामानगरातल्या मोकळ्या गच्चीवर काही मीटरांत घर सापडते. डिसेंबर २०१२मध्ये बेलीझमधून पळालेल्या, अँटिव्हायरसवाल्या जॉन मॅकाफीचा ग्वाटेमालातला ठावठिकाणा व्हाइस मासिकाने टाकलेल्या आयफोनच्या एका फोटोतल्या अशाच नोंदीने उघड झाला होता.

खरा उपाय फोटो काढण्याआधीचा आहे. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये लोकेशनची खूण बंद करा. आयफोनवर सेटिंग्ज, प्रायव्हसी, लोकेशन सर्व्हिसेस, कॅमेरा, तिथे 'नेव्हर'. काढलेला फोटो आयफोनवरून पाठवताना शेअरच्या पडद्यावर वरती 'ऑप्शन्स' दिसते, त्यात लोकेशन बंद होते. विंडोजवर फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तळाशी 'रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन'. तिथे दोन पर्याय येतात. पहिला निवडावा, कारण तो वेगळी प्रत करतो. दुसरा मूळ फाइलमधूनच नोंदी काढतो. एक्झिफटूल हे अशा नोंदी वाचण्या-पुसण्याचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी सरसकट सगळे पुसण्याचा आदेश देऊ नये. त्यात दिशेची नोंद जाते आणि उभा फोटो आडवा उघडतो. आयसीसी रंगप्रोफाइल, म्हणजे रंग कसे दाखवायचे ही नोंदही जाते, मग आयफोनच्या फोटोंचे रंग फिके दिसतात. फक्त जीपीएसचा गट पुसला तरी काम भागते.

आता दुसरी बाजू. सदरात तिचा एक शब्द नाही, आणि मला राग आला तो याचाच. अपघात, विम्याचा दावा, इंदौर ३११ अ‍ॅपवरची खड्ड्याची तक्रार, भाडेकरूने केलेली मोडतोड, अशा कामांत हीच माहिती उपयोगी पडते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रतीत ती नसते, आणि एकदा गेलेली परत येत नाही. त्या फाइलच्या नावातली तारीखसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवरून गेल्या-आल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालील प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा, द्यावे लागते. फाइलमधला एक बाइट बदलला तरी हॅश पूर्ण वेगळे येते. म्हणजे नुसते लोकेशन पुसले तरी मूळ फाइलशी मेळ तुटला. फोटो मोबाइलमधून केबलने उतरवून घ्यावा, ती फाइल हात न लावता ठेवावी, आणि पुसापुशी प्रतीवर करावी. एक्झिफ कोणालाही बदलता येते, त्यामुळे त्या नोंदी एकट्याने काही सिद्ध करत नाहीत. मूळ फाइल आणि मूळ मोबाइल दोन्ही जपायचे ते याचसाठी.

सदरातल्या त्या उदाहरणाबद्दलही लिहिले पाहिजे. एकाच फोटोत १९:५० आणि १४:२० अशा दोन वेळा सापडल्या म्हणून लेखकाने फोटो बनावट ठरवला. हा फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे! एक्झिफमधली जीपीएसची वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते, तर फोटोची वेळ मोबाइलच्या घड्याळाची, म्हणजे आपली. वेळ कोणत्या पट्ट्यातली हे लिहायला एक्झिफमध्ये २०१६पर्यंत, म्हणजे २.३१ आवृत्तीपर्यंत, स्वतंत्र रकानाच नव्हता. या दोन वेळांत साडेपाच तासांचा फरक नसता तर शंका घ्यायला जागा होती. वर्तमानपत्रात असे छापून आले की उद्या कोणीतरी खऱ्या फोटोला खोटा म्हणेल आणि कात्रण पुढे करेल. दुरुस्ती छापावी, तीही त्याच पानावर.

चेहरा झाकून किंवा कापून फोटो देणाऱ्यांसाठीही एक सूचना हवी होती. एक्झिफमध्ये साधारण १६० बाय १२० पिक्सेलची छोटी प्रतिमा वेगळी साठवलेली असते. काही जुनी सॉफ्टवेअर मोठे चित्र बदलतात आणि ही तशीच ठेवतात. त्या आकारात आधारचा क्रमांक वाचता येत नाही, पण माणूस ओळखू येतो.

आणि फोटोतल्या माहितीचाच विषय निघाला आहे, तर आपल्या गणेशोत्सव विशेष पानाबद्दलही. वाचकांनी ई-मेलने पाठवलेले फोटो तुम्ही 'सौजन्य : सोशल मीडिया' म्हणून छापता. कॅमेऱ्याच्या मेन्यूत एकदा नाव भरले की ते प्रत्येक फाइलमध्ये 'आर्टिस्ट' आणि 'कॉपीराइट' या रकान्यांत जाते, आणि ई-मेलने आलेल्या मूळ फाइलमध्ये ते असतेच. कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ निर्मात्याला आपले नाव लावून घेण्याचा हक्क देते. पान लावणाऱ्याने फोटो लहान करण्याआधी प्रॉपर्टीज उघडून नाव टिपून घ्यावे. लहान केलेल्या प्रतीत ते बहुतेकदा राहत नाही, मग शोधायचे कुठे?

कळावे,
एक नियमित वाचक
लोकमान्यनगर, इंदूर