हिरवा पडदा नव्हे, कापूस!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होळीच्या सुमारास आपल्या पुरवणीत आलेला पुरीम या ज्यू सणावरचा लेख आवडला. कोकणातले बेने इस्रायली ज्यू पुरीमला 'होळीचा सण' म्हणत आले, याचा उल्लेख वाचून तर मौज वाटली. एका शब्दापाशी मात्र अडलो. पुरीमची कथा बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात आहे. त्यातल्या शूशन या इराणी राजधानीच्या राजवाड्यातल्या मेजवानीचे वर्णन करताना लेखात पडदे 'पांढरे, हिरवे आणि निळे' म्हटले आहेत. त्यातला हिरवा मुळात नाहीच.

हिब्रूत तिथे ओळीने तीन शब्द आहेत : हूर, करपास, तेखेलेत. हूर म्हणजे पांढरे कापड, तेखेलेत म्हणजे निळे. मधला करपास अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये एकदाच येतो, तो इथे, एस्तेर 1:6 मध्ये. जरा मोठ्याने म्हणून पाहा : करपास, कार्पास, कपास, कापूस. आपल्याकडचा संस्कृत शब्द इराणमार्गे तिकडे गेला. ग्रीकांनी त्याचा कार्पासोस केला, रोमनांनी कार्बासस. 1611 च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतरात मात्र तो 'हिरवा' होऊन बसला.

वल्हांडण या ज्यू सणाच्या जेवणात मिठाच्या पाण्यात बुडवून खातात त्या हिरव्या पाल्यालाही करपासच म्हणतात, अक्षरेही तीच. त्याच्याशी गल्लत झाली असावी, असा माझा आपला तर्क. पण भाजीचा करपास वेगळ्या कुळातला. फारसीत सेलरीला करफ्स म्हणतात, त्याच्या नात्यातला.

हा शब्द एस्तेरच्याच पुस्तकात का यावा? कारण कथा इराणी दरबारातली. अहश्वेरोश राजाचे 127 प्रांत 'होद्दू ते कूश' (कूश म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेचा मुलूख) पसरलेले, असे पहिल्याच ओळीत आहे, आणि होद्दू म्हणजे हिंदू, सिंधूचा प्रदेश. पहिल्या ओळीत तो मुलूख, सहाव्या ओळीत तिथले पीक! खुद्द इस्रायली लोकांचे रोजचे कापड लोकरीचे आणि जवसाच्या धाग्याचे, म्हणजे लिननचे. ही दोन एकत्र विणलेले वस्त्र घालू नये, असा नियमही आहे (बायबलमधले 'अनुवाद' हे पुस्तक, 22:11). त्यात कापसाचे नाव नाही. आजच्या हिब्रूतही कापसाला 'कुतना' म्हणतात. आपला शब्द कापडाच्या अर्थाने तिथे रुजला नाही.

त्या राजवाड्यात सुती पडदे जांभळ्या दोऱ्यांनी चांदीच्या कड्यांना बांधले होते आणि खांब संगमरवरी होते. आमच्याकडे तोच कापूस भाव चढेल या आशेने पुढच्या खोलीत छतापर्यंत रचलेला असतो आणि अंगाला खाज सुटते म्हणून घरचे कुरकुरत असतात.

तेव्हा 'हिरवे'च्या जागी 'सुती' एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक, यवतमाळ