मध्यमस्तिष्क झोपलेले नसते

मा. संपादक, स.न.वि.वि.

उन्हाळी सुट्टी तोंडावर आली की आमच्या गावात ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ वर्गांची पत्रके वर्तमानपत्रात घालून घरोघर येऊ लागतात. मुलांचे मध्यमस्तिष्क म्हणे सुप्त असते आणि ते जागे केले की मूल डोळ्यांवर पट्टी बांधूनही वाचू लागते. परवा शेजारच्या पदवीधर दांपत्याने ‘सर, फी भरावी का?’ असे मलाच विचारले, तेव्हा त्यांच्यापेक्षा आम्हा विज्ञानशिक्षकांचाच दोष मला अधिक जाणवला; कारण प्रमस्तिष्क (मोठा मेंदू), अनुमस्तिष्क (लहान मेंदू), मस्तिष्कपुच्छ ही मेंदूच्या भागांची नावे आम्ही आकृतीत भरून घेतली, गुण दिले आणि त्या भागांची कामे मात्र घाईघाईने उरकली.

मध्यमस्तिष्क हा मस्तिष्कस्तंभाचा, म्हणजे मोठ्या मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या दांड्याचा, वरचा, जेमतेम २ सेंटिमीटर लांबीचा भाग. डोळे फिरवणे, अवचित आवाज झाला की तिकडे मान वळणे, उजेडात बाहुली आकसणे या गोष्टी तो सांभाळतो. त्यातल्या एका काळसर पट्ट्यातील पेशी मरू लागल्या की डोपामिन हे संदेशवाहक रसायन कमी पडते आणि कंपवात जडतो. हा भाग जागा आहे हे पाहायला वर्गाची गरज नाही. मुलाला मंद उजेडाच्या खोलीत बसवून त्याच्या एका डोळ्यावर बाजूने क्षणभर बॅटरीचा झोत टाकावा. त्या डोळ्याची बाहुली तर आकसतेच, पण उजेड न पडलेल्या दुसऱ्या डोळ्याचीही आकसते, कारण संदेश मध्यमस्तिष्कात पोचून तेथून दोन्ही डोळ्यांकडे परततो. बेशुद्ध रुग्णाच्या पापण्या उघडून डॉक्टर हेच तपासतात.

वाचनासाठी अक्षरांवरून आलेला प्रकाश दृष्टिपटलावर पडावा लागतो, आणि तेथून निघालेला संदेश प्रमस्तिष्काच्या मागच्या खंडात पोचावा लागतो. वाटेवरचा पहिलाच टप्पा पट्टीने खरोखर बंद केला, तर पुढे जायला काही उरतच नाही. शेजाऱ्यांबरोबर मी त्या वर्गाचे प्रात्यक्षिक पाहायला गेलो. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी कार्ड छातीशी धरून, हनुवटी किंचित उचलून रंग सांगत होती. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली फट होती. तेच कार्ड मी तिच्या कपाळासमोर धरले आणि ती गप्प झाली. ‘शंका घेणाऱ्यांमुळे एकाग्रता भंगते,’ असे संचालकांनी सांगितले. फीपेक्षा मला त्या मुलीची काळजी वाटते, कारण टाळ्यांसाठी फटीतून पाहायचे आणि पाहिलेच नाही असे म्हणायचे, हे ती तेथे शिकते आहे.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अशा दाव्यांविरुद्ध आवाज उठवला आहेच. विज्ञानशिक्षकांना माझी विनंती एवढीच, की जूनमध्ये शाळा उघडल्यावर मेंदूची आकृती फळ्यावर काढण्याआधी बॅटरीचा हा प्रयोग मुलांकडून जोडीजोडीने करून घ्यावा.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक, जि. सातारा