गच्चीवरच्या भाजीवाल्यांसाठी सूचना

सभासदहो, पाऊस सरला, ऑक्टोबरचा चटकाही ओसरतोय. मुंबईची थंडी नावालाच, पण मेथी, पालक, मुळा, टोमॅटो यांना ती छान मानवते. तेव्हा आता पेरणीला लागा.

मात्र जे लावाल ते उचलता येईल असंच लावा. सिमेंटच्या कुंड्या नकोत. नुसती माती भिजली की दगडासारखी जड होते. तिच्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत मिसळा. फळांच्या प्लास्टिक क्रेटला आतून जुनं पोतं लावलं की झाला वाफा, दोघांना सहज हलवता येतो. खाली विटा ठेवा, म्हणजे स्लॅबवर पाणी साचणार नाही (गेल्या वर्षीची तक्रार आठवतेय ना?).

जागाच नसेल तर खिडकीत उथळ ट्रेमध्ये वाळू भरून मेथीदाणे दाट पेरा. बाजारात इवल्या जुड्यांनी मिळते ती समुद्रमेथी हीच. पंधरवड्यात ताटात येते. टोमॅटोला पाच-सहा तास ऊन हवंच. सावलीच्या बाल्कनीत त्याचा हट्ट नको, पालक लावा.

रविवारी टाकी धुवायची आहे. टाकीजवळचे क्रेट शनिवारी संध्याकाळपर्यंत हलवा. नाहीतर वॉचमनदादा हलवतील, आणि ते मिरचीची रोपं कशी उचलतात ते आपण पाहिलंय.